खिडकीतला टॉवर

"गुरुजी, राग नका मानू. पण पॅरिसच्या घरातून टावर दिसत न्हाई, हे मला पटंना," तात्याराव म्हणाला.

सिद्धोधन गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांची लेक सुकेशनी शिकायला पॅरिसला जाऊन आठ महिने झाले होते. व्हिडिओ कॉलवर तिच्या खिडकीतून फक्त एक पिवळट भिंत दिसायची. इकडे तात्यारावाच्या पोरीचा, धम्मशीलाचा नंबर पुण्याच्या कॉलेजात लागला होता. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. पण बाहेर गेलेल्या पोरी घरी खोटं सांगतात, असं तात्यारावाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुकेशनी खरंच तिथं आहे हे दिसल्याशिवाय तो पोरीला पाठवणार नव्हता.

"कोणचाबी पिच्चर घ्या. हिरोईन पडदा सारती, समोर टावर. सैपाकघरातून टावर, न्हाणीतून टावर!"

"दाखवतात रे तसं. उद्या आपल्या गावाचा पिच्चर काढला, तर प्रत्येक खिडकीतून पूर्णा जंक्शनची रेल्वेच दाखवतील. तुझ्या खिडकीतून दिसते का?"

"आमच्या खिडकीतून दत्तरावाच्या म्हशी दिसत्यात," तात्यारावाची बायको तानुबाई आतून म्हणाली. धम्मशीला हसली आणि बापाकडे बघून गप्प झाली.

गुरुजींनी खिशातला खडू काढला. फरशीवर शहर काढलं, मधे नदी, टॉवरचा एक ठिपका, आणि लांब कडेला सुकेशनीची खोली. तात्यारावालाही त्यांनीच पहिलीपासून शिकवलेलं. त्यानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

"समदं समजलं गुरुजी. पण टावर कुठाय?"

चाळीस वर्षांच्या मास्तरकीत गुरुजींना इतकं हरल्यासारखं वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी सुकेशनीला फोन लावला.

"बाळा, एकदा त्या टॉवरपाशी जाऊन फोन कर. एका पोरीचं शिक्षण अडलंय."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लय लांब पडतंय, बाबा."

"एकदाच. माझ्यासाठी."

"बरं. उद्या करते."

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, तात्यारावाच्या घरी सगळे गुरुजींच्या मोबाईलभोवती बसले असताना व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून दुपारच होती. समोर सुकेशनी, आणि तिच्या मागे निळ्या आभाळात, उन्हात चमकणारा अख्खा टॉवर.

"अगं माय!" तानुबाईनं तोंडावर हात ठेवला.

तात्याराव खालमानेनं म्हणाला, "चुकलं गुरुजी. धम्मे, बॅग भर."

धम्मशीलानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. तात्याराव उठून दारात गेला.

"पार पूर्ण्यापर्यंत अंधार हाय," तो तिथून ओरडला.

गुरुजींच्या हातातल्या मोबाईलमध्ये टॉवरवर अजून लख्ख ऊन होतं. त्याच्यापुढचा सुकेशनीचा चेहरा मात्र लाईट गेल्याबरोबर काळोखात बुडाला होता.