खिशातला हात

पोलिसासमोर खिशात हात घालायचा नाही, हे अमेरिकेतल्या आम्हा काळ्या लोकांच्या घरात पोरं चालायला लागली की आधी शिकवतात.

"कोळशाचं वीजकेंद्र आमच्याच वस्तीत का? ते बंद करा, सौरऊर्जा आणा!" विधानभवनातल्या सुनावणीत आमच्या आमदार ओडेसाबाई कडाडल्या.

"धुराचा त्रास होतो याला पुरावा काय?" समितीचे अध्यक्ष हसले.

बाई मागे बसलेल्या आम्हा वस्तीकरांकडे वळल्या. "दाखवा रे यांना आपापले दम्याचे पंप!"

रागाच्या भरात आम्ही चाळीस जणांनी एकदम खिशात हात घातले.

"हलू नका!" दारातला गोरा पोलीस किंचाळला. त्याचा हात पिस्तुलावर गेला. आमचे हात खिशातच थिजले. कुणी श्वासही घेईना.


मग त्यालाच धाप लागली. पिस्तुलावरचा हात त्याने खिशात घातला आणि स्वतःचा पंप काढून तोंडाला लावला.