रेंज नाही

आमच्या पोरीचं, राखीचं, लग्न झालं, त्याच साली पुतण्या राजकुमारने बॅटरीवर चालणारी कार घेतली. मांडवापुढे उभी केली, पण तांड्यातल्या कुणालाही हात लावू दिला नाही. पुढे एका दुपारी माझ्या बायकोच्या, धनीबाईच्या, छातीत कळ आली. मी ढाणकीला राहणाऱ्या राजकुमारला फोन लावला.

"बेटा, गाडी घेऊन ये. काकीले उमरखेडच्या दवाखान्यात न्या लागते."

"काका, रेंज नाही," म्हणाला आणि फोन कापला.

तांड्यात फोनची रेंज नेहमीच जाते. म्हणून तिला खाटेवर सोडून मी टेकडी चढलो आणि परत लावला.

"आता आली काय रे रेंज?"

"बहिरे झाले काय? फोनची नाही, गाडीची रेंज! उमरखेडपर्यंत जाईन, वापस याले पुरत नाही. रस्त्यात बंद पडली तं तुम्ही ढकलान काय?"

"वापस कोनाले याचं आहे, हरामखोरा! जायापुरती आहे ना? तेवढीच आण."

त्याने पुन्हा फोन कापला.

धनीबाई वारली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी टेकडी उतरायच्या आत.