पहिली पावती

सकाळी पावणेसातला विजेच्या खांबाजवळ कचऱ्याची पिशवी पडली, आणि ती टाकणारा हात कोणाचा हे उभ्या टेम्पोच्या आडोशाला थांबलेल्या स्वच्छता निरीक्षकबाईंना लगेच कळलं. तासाभरापूर्वी त्याच हातात त्यांनी चहाचा कप दिला होता.

"आई, थांबा," त्या म्हणाल्या.

सासूबाई थांबल्या. "तू तर हजेरीला गेली होतीस."

"कामगारांची हजेरी घेऊन आले."

गल्लीच्या तोंडाशी झाडणारी सफाईवाली दोन पावलं पुढे आली. मग पुढे येण्यात शहाणपण नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती पाठ करून झाडलेलाच रस्ता पुन्हा झाडू लागली.

तीन महिने पालिका या कोपऱ्याच्या मागे लागली होती. फलक लावला, तर फलकाला टेकून पिशव्या अधिक नीट उभ्या राहू लागल्या. फुलझाडांच्या दोन कुंड्या ठेवल्या. एक चोरीला गेली, दुसरीत कचरा पडला. शेवटी साहेबांनी काम सुनेच्या गळ्यात घातलं. 'तुमच्या घरासमोरचंच आहे, तुम्हाला सोपं जाईल.' गल्लीलाही ते सोपंच वाटत होतं. आपलीच सून, ती काय कुणाची पावती फाडणार?

"मॅडम, माझं लक्ष नव्हतं हां," सफाईवाली पाठमोरीच म्हणाली. "मी काही बघितलेलं नाही. पिशवी तेवढी उचलून गाडीत टाकते."

तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. पिशवी हातगाडीत, सासूबाई घरात आणि घरात शांतता. सुनेने पिशवीकडे पाहिलं. तोंडाला दोन गाठी होत्या. सासूबाई कुठलीच गोष्ट एका गाठीवर सोडत नसत.

"राहू दे तिथेच," ती सफाईवालीला म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. "आई, घंटागाडी दारात येते ना? तिच्यात का नाही टाकत?"

"साडेआठला येते. साडेआठला मी कुठे असते?"

साडेआठला सासूबाई नातीचं दप्तर खांद्याला लावून शाळेच्या बसची वाट बघत असत, कारण त्या वेळी सून दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत दुसऱ्या कुणाला तरी स्वच्छता समजावून सांगत असे.

"मी एकटी नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळे आजी-आजोबा तेव्हा बसपाशीच असतात. बाकीचे कामावर गेलेले. तुमची गाडी येते, कुलपांना गाणं ऐकवते आणि जाते."

सफाईवालीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यावर निभावलं.

"मग हे घरी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? बोर्ड लावलास."

शब्द लागायचा तिथे लागला. सुनेने खांद्याच्या पिशवीतून डायरी काढली. "पावणेआठ चालेल?"

"साडेसात कर. पावणेआठला पोरीची वेणी घालायची असते."

"साडेसात," तिने लिहिलं. "सोमवारपासून. आजच साहेबांची सही घेते."

"बघ, तोंड उघडलं की काम होतं," असं म्हणून सासूबाई घराकडे वळल्या.

"आई, अजून झालेलं नाही."

सुनेने पावतीपुस्तक काढलं. त्यातलं एकही पान फाटलेलं नव्हतं. उघडताना त्याची शिवण करकरली. झाडूचा आवाज थांबला.

"नाव सांगा," सून म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईकडे पाहावं तसं नाही, तर दारात आलेल्या नव्या माणसाकडे पाहावं तसं, वरपासून खालपर्यंत. सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पेन तिने खाली घेतलं नाही.

मग सासूबाईंनी नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सावकाश, शाळेच्या पटावर सांगतात तसं. सुनेने ते वरच्या ओळीत लिहिलं आणि खाली सही केली. एकाच कागदावर ते आडनाव दोनदा आलं.

दंडाची रक्कम छापलेलीच होती. सासूबाईंनी बटवा उघडला. 'संध्याकाळी पैसे परत देते तुम्हाला' असं म्हणायला सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं.

सासूबाईंनी पावती लांब धरून वाचली. "अक्षर काही सुधारलं नाही तुझं," त्या म्हणाल्या. तरी पावतीची घडी मात्र त्यांनी घातली नाही.

तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं आणि शेजारीण बाहेर आली. तिचा एक हात पदराखाली होता, आणि पदर जरा जास्तच फुगलेला होता. कोपऱ्यावर निरीक्षक दिसताच ती दचकली. मग शेजारी सासूबाई दिसल्या तशी हसली आणि बिनधास्त पुढे आली.

"अगंबाई, तुमची सूनच आहे होय काकू? मला वाटलं दुसरंच कुणी."

सासूबाई दोन पावलं पुढे झाल्या. हातातली पावती त्यांनी तिला वाचता येईल एवढी वर धरली.

"मागे फिर गं," त्या म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती, आणि आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा. "ही मलासुद्धा सोडत नाही."