पियानोवरची पदं

तात्यासोंनी गाडीच्या काचा वर केल्या, सीट मागं लोटली आणि मोबाईलवर बोट ठेवलं. पियानो वाजू लागला.

गाडी कुठं जाणार नव्हती. अपार्टमेंटच्या आवारात भिंतीला लागून ती उभी होती. गेला आठवडाभर तात्यासो रोज चहाआधी इथं येऊन बसत होते. घरात सांगायचं, "जरा गाडी पुसून येतो."

पुण्यातल्या तिघांनी जुन्या संगीत नाटकांतली पदं घेऊन हा अल्बम केला होता. त्यात गाणारं कुणीच नव्हतं. पियानो, ड्रम आणि उभं धरून बोटांनी छेडायचं ते माणसाएवढं बेस. नात आदितीनं तो पाठवला, तेव्हा तात्यासोंना ती थट्टाच वाटली होती. पण ऐकलं आणि गुंतले. कुठं घाई नव्हती. पियानोवाला मुखडा साधाच वाजवायचा, मग तो सोडून रंकाळ्यावर फिरायला गेल्यासारखा मजेत भटकायचा, आणि समेला बरोबर घरी पोचायचा.

घरात मात्र ही पदं लावायची सोय नव्हती. त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, हीच पदं कोल्हापूर, सांगली, मिरजेत रंगमंचावर उभं राहून गायली होती. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो घोगरा, मधेच फाटणारा. घरच्यांशी त्या तेवढ्यापुरतं बोलायच्या. बाहेरच्या माणसासमोर हसून मान हलवायच्या, तोंड उघडायच्या नाहीत. टीव्हीवर एखादं नाट्यपद लागलं, की उठून आत जायच्या.

डावीकडचं दार उघडलं. रत्नाबाईच होत्या.

तात्यासोंनी घाईघाईनं मोबाईल मांडीवर पालथा घातला. पियानो काही थांबला नाही.

"गाडी पुसताय न्हवं?"

"पुसली की. जरा बसलोय."

"धुरळ्यानं भरलीया नुसती." त्या आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. "मला वाटलं, कुणाशी तरी फोनवर बोलत बसताय."

"ह्या वयात?"

"काय नेम तुमचा." त्यांनी स्पीकरकडं बघितलं. "काय लावलंय?"

"काय न्हाय. बंद करतो."

"ऱ्हाऊ दे."

तात्यासोंचं बोट अधांतरीच राहिलं. बायकोकडं बघायचा धीर त्यांना झाला नाही. ते समोरच्या भिंतीकडं बघत बसले. एक पद संपलं. दुसरं सुरू झालं. रत्नाबाई उठल्या नाहीत.

"सुपात तांदूळ पाखडल्यागत काय वाजतंय ओ?"

"ड्रम हाय. काठीच्या जागी तारांचा ब्रश घेतोय म्हणं तो. आदिती सांगत होती."

"झ्याक वाजवतोय."

तात्यासोंनी हळूच श्वास सोडला. आत उकडायला लागलं होतं. त्यांनी दोन्हीकडच्या काचा खाली केल्या.

मग तिसरं पद आलं. पहिल्या दोन सुरांतच दोघांनी ओळखलं. हे रत्नाबाईंचं पद होतं. कुठलंही नाटक असो, लोक त्यांना चहाच्या टपरीवरसुद्धा याच पदावरून ओळखायचे. तात्यासोंचा हात झटकन मोबाईलकडं गेला. रत्नाबाईंनी तो वरच्यावर धरला आणि धरूनच ठेवला.

पियानोवाला सावकाश चालला होता. रत्नाबाईंचं दुसऱ्या हाताचं बोट पदरावर ताल धरत होतं. ओठ मिटलेले होते.

"हितं मी मींड घ्यायचे," त्या एकदम म्हणाल्या. "वरच्या सुरावरनं खालच्यावर घसरत यायचे. ह्यानं उडीच मारली."

"पियानोला मींड येत न्हाय. पट्ट्या सुट्या सुट्या त्याच्या. एक सूर दाबायचा, सोडायचा, मग दुसरा."

"येतच न्हाय?"

"न्हाय. केवढा बी मोठा वाजवणारा असू दे."

तीच ओळ फिरून आली. पियानोवाल्यानं वरचा सूर वाजवला आणि थांबला. सूर विरत गेला, विरत गेला, खाली नुसतं बेस चालत राहिलं. अगदी ऐकू येईनासा होता होता त्यानं खालचा सूर अलगद ठेवला.

"तरी गातोय की," रत्नाबाई म्हणाल्या.

तात्यासोंनी आता त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी असेल असं त्यांना वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. चांगली गाठ पडल्यावर एक गाणारं दुसऱ्या गाणाऱ्याकडं बघतं, तसं त्या स्पीकरकडं बघत होत्या.

पद संपत आलं. ब्रश थांबला. पियानोचा शेवटचा सूर हवेत राहिला, आणि रत्नाबाईंनी डॅशबोर्डवर सणसणीत थाप मारली.

"वन्स मोअर!"

आवाज खरखरीत निघाला, मधेच चिरला, पण थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढा मोठा होता. भिंतीवरची कबुतरं उडाली. तात्यासो आधी दचकले, मग हसत सुटले, आणि पद मागं नेऊ लागले.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत नजीरा वाळलेले कपडे काढत होती. ती इथं राहायला आली ती रत्नाबाईंच्या ऑपरेशनानंतर. जिन्यात भेटली की काकी गालात हसायच्या, तेवढीच तिची ओळख. ती कठड्यावरून वाकली.

"तात्याऽ! पावणं आलंय काय कोण?"

तात्यासोंनी उत्तर द्यायला मान बाहेर काढली. रत्नाबाईंनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पावणं न्हाय गं, नजीरा," त्या वर बघून म्हणाल्या. "मी हाय."