खडूस बाई, बारा टक्के

"ही व्यक्ती तुम्ही नाही. जुळणी बारा टक्के," ओळख केंद्रातलं यंत्र दुसऱ्यांदा म्हणालं.

बोटांचे ठसे आणि चेहरे कुणीही नकली बनवू लागल्यापासून ओळखपत्राची पद्धतच बदलली होती. आपण कसे आहोत ते यंत्राला सांगायचं. चार ओळखीच्यांच्या जबानीशी ते जुळलं, तरच आपण आपण.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका प्रमिला घाटपांडे चिडल्या. रविवारी दिल्लीला नातीचं बारसं होतं आणि ओळखपत्राशिवाय विमानात बसता येणार नव्हतं. आता एकच प्रयत्न उरला होता.

"मी खडूस आहे, हेच तर सांगितलं! अख्खं सांगोला सांगेल."

"चौघांनीही तुम्हाला प्रेमळ म्हटलंय, बाई," काउंटरवरची रेश्मा हळूच म्हणाली. "तुम्हीही तेच म्हणा ना."

"खोटं बोलू? छत्तीस वर्षांत कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही मी! आणि तुझ्या बाहीचं बटण लोंबतंय. अशी बसतेस कामावर? हात इकडे कर." पर्समधून सुई-दोरा काढून त्या बटण शिवू लागल्या. "हलू नकोस, टोचेल. सकाळपासून काही खाल्लंयस का? तोंड बघ कसं सुकलंय. माझ्या डब्यात थालीपीठ आहे, ते घे आधी."

यंत्र सगळं ऐकत होतं. त्याचा दिवा हिरवा झाला.

"जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. नमस्कार, प्रमिलाबाई."

"बिघडलंय तुमचं यंत्र," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोरा दातांनी तोडला.