दोन मॅग्नेटो

धुळ्याच्या धावपट्टीवर कॅप्टन हेमलता सोनवलकरने छोट्या विमानाचं इंजिन तापवलं. ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालायला हवं. तिने डावा बंद केला. आवाज किंचित उतरला, पण पंखा फिरत राहिला. उजवा बंद केल्यावरही तसंच झालं.

"आता तुम्ही, मॅडम," म्हणत शेजारी बसलेल्या मेकॅनिक इब्राहिमने तपासणीचा पट्टा तिच्या छातीला लावला. जन्माच्या हृदयाजोडीला दुसरं बसवून घेतलेल्या वैमानिकांना तो नियमच होता. पट्ट्यावरचं बटण दाबून त्याने जन्माचं हृदय क्षणभर थांबवलं. बसवलेलं नीट चाललं. मग बसवलेलं थांबवलं, आणि हेमलताच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. इब्राहिमने झटकन बटण सोडलं.

"जन्माचं उचलतच नाहीये, मॅडम."

या तपासणीत नापास झालेला वैमानिक पुन्हा उडत नसे.

"नवं चालतंय ना? नंदुरबारला सर्पदंशाची औषधं पोचवायचीत. जवळच तर आहे."

"एका मॅग्नेटोवर तुम्ही विमान नेलं असतं?"

हेमलताने इंधनाची लाल मूठ बाहेर ओढली. पंखा थांबला.

"विमान चांगलं आहे," पट्टे सोडत ती म्हणाली. "दुसरा पायलट बोलाव."