कागदाबाहेर एक थेंबही नाही

"प्राणी शब्दाचा पक्का असतो. कच्चा असतो तो माणूस," प्राध्यापक मधुसूदन म्हणाले. त्या वेळी ते हॉलमध्ये ओणवे होऊन सोफ्याखालची फरशी हुंगत होते.

"आहे का काही?" त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोरडी ठणठणीत. आज रविवार. मुदत संपली. पास झाला तो."

पास झालेलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू, वजीर, त्यांच्या पायजम्याची नाडी चावत बसलं होतं.

मुदत नानासाहेबांनी घातली होती. नानासाहेब म्हणजे मधुसूदनचे वडील, निवृत्त नायब तहसीलदार. फ्लॅट त्यांच्या नावावर. देवघरापुढं ओलं दिसलं त्या दिवशी त्यांनी तोंडी आदेश काढला : "रविवारपर्यंत बघतो. कागदाबाहेर एक थेंब दिसला की हर्सूल." हर्सूलच्या पुढं त्यांची थोडी जमीन होती, बन्सी ती बटईनं करायचा. पण या शहरात हर्सूल म्हटलं की आधी जेल आठवतो. सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या, "त्यानं काय खून केलाय का, नाना?"

कागद ही मधुसूदनचीच योजना. मोबाइलवरचे तज्ज्ञ सांगत, चूक झाली की फरशी भरपूर पाण्यानं धुवा. तज्ज्ञांच्या गावाला नळ रोज येत असावा. इथं आठवडा उलटला तरी येत नाही. त्यात औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी बजावलेलं, सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लू खाली जमिनीवर सोडायचं नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जुने पेपर अंथरले. वजीर पेपरवर बसला की शाब्बासकी आणि बिस्किटाचा तुकडा. लगेच. लगेच म्हणजे लगेच. उशीर झाला की पिल्लू गोंधळतं. आणि रागवायचं कधीच नाही. हे नियम मधुसूदननी घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतले होते. सगळ्यांत आधी ते वजीरला पाठ झाले. इतकी वर्षं शिकवून असा विद्यार्थी त्यांना कॉलेजात मिळाला नव्हता. घरातही त्यांचं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नाना आंघोळ करून बाहेर आले. पेपर उचलला. पेपर डोळ्यांपासून लांब धरायला हात अपुरे पडायला लागल्यापासून ते तो जमिनीवर अंथरत आणि पाटावर बसून वरून वाचत. आधी श्रद्धांजलीचं पान, मग बाकीचं जग. पान त्यांनी हातानं सारखं केलं. कोपरे दाबले.

वजीरनं नाडी सोडली.

तो पेपरपाशी आला. हुंगला. शिकवलं होतं तशी एक गोल फेरी घेतली आणि पानाच्या बरोबर मध्यावर बसला.

मधुसूदननी ओरडायला तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड तसंच उघडं राहिलं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सखाराम आहे तो," ते म्हणाले. "माझ्याबरोबर नोकरीला होता. तेरावं कुठं आहे, ते वाचत होतो."

"नाना, पण कागदावरच झालंय. तुम्ही म्हणाला होता, कागदाबाहेर..."

"तो कागद मी वाचत होतो, मधू."

वजीर मात्र काम आटोपून मधुसूदनसमोर येऊन बसला होता. पाठ ताठ, शेपटीनं फरशी झाडणं चालू, नजर त्यांच्या खिशावर. मधुसूदननी वडिलांकडं पाहिलं. मग वजीरकडं. मग हात खिशात गेला.

"शाब्बास," ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले आणि बिस्किटाचा तुकडा पुढं केला.

"वर बक्षीस?"

"त्याला जे शिकवलं तेच केलं त्यानं, नाना."

"अस्सं. मग आता मी सांगितलं होतं ते करू. बन्सीला फोन लाव."

"त्याची एक लस राहिलीय अजून."

"शेतावरच्या कुत्र्यांना कोण टोचतंय?"

मधुसूदननी सरोजिनीबाईंकडं पाहिलं. त्या पेपरच्या कडा उचलून मधलं ओलं जमिनीला लागू न देता नेण्याच्या खटपटीत होत्या.

बन्सी भाजी द्यायला बाजारात आलेलाच होता. जेवणाच्या आधी हजर झाला. वजीरला उचलून त्यानं मोटरसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत बसवलं. नुसतं डोकं बाहेर. "लई गोड हाय की, साहेब!"

मधुसूदननी खालच्या गेटपाशी उभं राहून सगळं सांगितलं. दूध द्यायचं नाही. भात आणि अंडं. लसीला मी येईन. रागवायचं नाही.

"नाय रागवत. कशापायी रागवू?"

मग त्यांनी वरून आणलेला रद्दीचा गठ्ठा पुढं केला.

"हे वं काय?"

"त्याच्यासाठी. रोज एक अंथरायचा. त्याच्याशिवाय तो..." मधुसूदनना पुढचं नीट जमेना. "त्याला तशी सवय आहे."

बन्सी हसला. "काय साहेब तुमी बी! तिकडं माती हाय की एवढी. बसंल कुठं बी." त्यानं किक मारली. गठ्ठा मधुसूदनच्या हातातच राहिला.

बाल्कनीतून नानांचा आवाज आला. "मधू, खाली गेलाच आहेस तर एक पेपर घेऊन ये. आजचाच."

मोटरसायकल वळली. पिशवीतलं डोकं मागं वळून गठ्ठ्याकडं बघत होतं.

वजीरनं माती अजून पाहिलेली नव्हती.